घरच्या कार्यशाळेत एकआसनी कसरती द्विपंखी विमान: सुरुवात पंखांपासून करावी की धडापासून?

गिरकी

नमस्कार. पोलादी नळ्यांचे धड, लाकडी पंख आणि त्यांवर ताणलेले कापड अशा पारंपरिक रचनेचे एकआसनी कसरती द्विपंखी विमान आराखड्यांवरून स्वतः बांधायचे मी ठरवले आहे. साहित्य मागवण्यापूर्वी, ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांच्याशी काही गोष्टी बोलून घ्याव्यात असे वाटते.

विमानाची निवड पिट्स एस-१सी या प्रकारावर येऊन थांबली आहे. कर्टिस पिट्स यांच्या या छोट्या विमानाच्या मूळ नमुन्याने १९४४ साली पहिले उड्डाण केले, पुढे बेटी स्केल्टन यांनी याच घराण्यातले विमान घेऊन कसरतींच्या स्पर्धा गाजवल्या, आणि १९७२ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकी संघाने याच मालिकेतल्या एस-१एस विमानांवर विजेतेपद मिळवले. एवढ्या लहान विमानातून एवढे काम निघते याचे मला फार आकर्षण आहे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पंखांचा विस्तार सुमारे ५.३ मीटर आणि लांबी सुमारे ४.७ मीटर असल्यामुळे ते एका मोटारीच्या गॅरेजमध्ये बांधता येईल. वरचा पंख सलग एकाच तुकड्याचा असतो हे मी लक्षात घेतले असून तो तयार झाल्यावर दारातून तिरका करून बाहेर कसा काढायचा हेही मोजून पाहिले आहे.

लाकूडकामाचा माझा हात चांगला बसलेला आहे. रंधा, पटाशी, गुण्या यांची सवय आहे आणि बारीक सांधे मला जमतात. वेल्डिंग मात्र फाटके आणि टेबलांचे सांगाडे यांच्यापुढे गेलेले नाही. त्यामुळे पहिला प्रश्न असा की काम पंखांपासून सुरू करावे की धडापासून. दुसरा, धडाचे वेल्डिंग स्वतः शिकून करावे की नळ्या कापून, टाके मारून (वेल्डिंगचे छोटे ठिपके देऊन जागच्या जागी पकडून) पुढचे काम जाणकाराकडे द्यावे, आणि स्वतः करायचे तर गॅसने करावे की टिगने (टंगस्टनच्या टोकाशी निष्क्रिय वायूच्या आवरणात विजेच्या ठिणगीने करायचे वेल्डिंग). तिसरा प्रश्न माझ्या मनात सर्वांत जास्त घोळतो आहे. हे विमान कसरतींसाठी आहे, म्हणून आराखड्यात दिलेल्या नळ्यांपेक्षा एक माप जाड नळ्या वापरून धड अधिक बळकट केले तर चालेल का? माझी उंची जास्त असल्यामुळे कॉकपिटही थोडे लांबवण्याचा विचार आहे.

ठिणगी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर चुकले तर पहिल्या दोन प्रश्नांना फारसा अर्थ राहत नाही.

जाड नळी म्हणजे बळकट विमान, हे समीकरण सोडून द्या. पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. तिच्या भिंतीची जाडी ०.०३५ इंचावरून ०.०४९ इंच केली तर वजन सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, आणि दाबाखाली वाकण्याला विरोध करण्याची तिची क्षमता जेमतेम ३२ टक्क्यांनी वाढते. त्याऐवजी भिंत तीच ठेवून व्यास पाऊण इंचावरून सात अष्टमांश इंच केला तर वजन सुमारे साडेसतरा टक्क्यांनी वाढते आणि तीच क्षमता सुमारे ६० टक्क्यांनी. लांब आणि सडपातळ नळी दाबाखाली निकामी होते ती बहुधा बाजूला वाकून, चिरडून नव्हे, आणि वाकण्याच्या बाबतीत पदार्थ मध्यरेषेपासून किती दूर आहे याला फार महत्त्व असते. आराखडा करणाऱ्याने प्रत्येक नळीचा व्यास आणि जाडी हा हिशोब करूनच निवडलेली असते. कुठे जाड, कुठे पातळ, हे त्याने सोयीने ठरवलेले नसते.

व्यास वाढवून बळकटी स्वस्तात मिळते, मग तसेच करावे असेही कोणाला वाटेल. त्याला माझा विरोध आहे. नळ्यांच्या अशा सांगाड्यात भार प्रत्येक अवयवाच्या ताठपणाप्रमाणे वाटला जातो. एक नळी जास्त ताठ केली की ती शेजारणीचा भार स्वतःकडे ओढते आणि तो भार तिच्या टोकाच्या सांध्यावर जाऊन पडतो, जो सांधा मूळ भारासाठी आखलेला होता. बळकटी वाढवली असे समजून आपण कमकुवत जागा फक्त एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे, आणि तीही नजरेआड, नेऊन ठेवतो.

शिवाय वजन. एस-१सी चे रिकामे वजन सुमारे ३२७ किलो आणि कमाल वजन सुमारे ५२२ किलो धरले जाते. कसरतींच्या वर्गात साधारणपणे अधिक ६ आणि उणे ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतकी पट भार) ही मर्यादा धरून त्यावर दीडपट सुरक्षा-गुणक लावतात. कमाल वजनाला ६ जी मध्ये पंखांना तीन हजार किलोंहून अधिक भार उचलावा लागतो, आणि दीडपटीचा हिशोब ४,७०० किलोंच्या जवळ जातो. धडात तुम्ही दहा किलो वाढवले तर त्या क्षणी पंखांच्या, तारांच्या आणि त्यांच्या बोल्टांच्या वाट्याला साठ किलो जास्त येतात. धड बळकट झाले, पंख तेवढेच राहिले आणि काम मात्र सर्वांचे वाढले. म्हणून नळ्या आराखड्यातल्याच घ्या, आणि त्या ४१३० क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या, नॉर्मलाइज केलेल्या (तापवून हवेत थंड केलेल्या) स्थितीतल्या आणि प्रमाणपत्रासह घ्या.

आता वेल्डिंग. माझ्या मते तुम्ही ते स्वतः शिकावे. लाकडाचा बारीक सांधा ज्याला जमतो त्याच्याकडे या कामाला लागणारा संयम आधीच असतो. गॅस आणि टिग या दोन्ही पद्धतींनी उत्तम विमाने झाली आहेत. गॅसच्या ज्योतीने सांध्याभोवतीचा बराच भाग तापतो आणि हळूहळू थंड होतो, त्यामुळे सांध्यालगतचा पट्टा ठिसूळ होण्याचा धोका कमी, पण नळ्या वाकण्याचा धोका जास्त. ज्योत तटस्थ (ऑक्सिजन किंवा इंधन-वायू यांपैकी काहीच जास्त नसलेली) ठेवणे हे गॅसचे सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. टिगने उष्णता अरुंद जागेत राहते आणि विकृती कमी होते. पण टिगला नळीचे टोक शेजारच्या नळीवर अगदी घट्ट बसलेले लागते, फट चालत नाही. माशाच्या तोंडासारखा तो खाचदार काप कानशीने घासून, प्रकाशाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत जुळवणे ही खरी मेहनत आहे, आणि तिथे तुमची सुतारकामाची नजर कामी येईल. इतक्या पातळ भिंतींच्या नळ्यांना वेल्डिंगआधी वेगळे तापवण्याची किंवा नंतर पुन्हा उष्णता देण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र सांधा वाऱ्याच्या झोतात थंड होऊ देऊ नका, आणि पाण्याने तर कधीच नाही.

विमानाला हात लावण्यापूर्वी त्याच नळ्यांचे तुकडे घेऊन सराव करा आणि प्रत्येक सराव-सांधा मोडून बघा. शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवल्यावर वेल्डची रेघ अखंड राहून शेजारची नळी फाटली किंवा दुमडली, तर सांधा चांगला. वेल्ड सुटला तर अजून सराव हवा. काही सांधे मधोमध चिरून, कडा घासून, वितळलेला धातू मुळापर्यंत पोहोचला आहे का तेही पाहा. वरून सुंदर दिसणारी आणि आत न शिरलेली रेघ मी इतरांच्या कामात पुष्कळ पाहिली आहे.

क्रमाबद्दल माझे मत असे की आधी धड करावे. पंखांची पकड, मधले खांब, तारा अडकवायचे कान, सगळे धडावर येऊन मिळते, म्हणून मोजमापांचा पाया तेच आहे.

सुतारपक्षी

ठिणगी यांच्या जाडीच्या हिशोबाशी मी पूर्ण सहमत आहे, क्रमाशी मात्र नाही. गिरकी, तुम्ही पंखांपासून सुरुवात करा, आणि पंखांतही फासळ्यांपासून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींपासून.

फासळ्यांचे काम म्हणजे स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाच्या पाव इंच चौरस पट्ट्या आणि पातळ प्लायवुडचे कोपरतुकडे एका साच्यात बसवून चिकटवणे. साचा एकदा अचूक झाला की पुढचे काम तेच ते असते. त्याला जागा एका मेजाएवढी लागते, हत्यारे तुमच्याकडे आहेतच, आणि एखादी फासळी नीट झाली नाही तर ती बाजूला ठेवून दुसरी करता येते. घरी विमान बांधायला घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण हे काम अर्धवट सोडतात. आपल्याला हे काम रोज करणे जमते का, घरातल्यांना ते सोसते का, याचे उत्तर फासळ्या करताना थोड्या खर्चात मिळते. त्या होईपर्यंत संध्याकाळी वेल्डिंगचा सरावही चालू ठेवता येईल. मोजमापांचा पाया धड आहे हे खरे, पण फासळ्यांचा आकार धडावर अवलंबून नाही. पंखांच्या मुळाशी येणारे धातूचे जोड आणि त्यांची बोल्टची छिद्रे तेवढी धड उभे राहीपर्यंत थांबवा, म्हणजे दोघांचेही म्हणणे राखले जाईल.

फासळ्यांहून अवघड आणि मला अधिक प्रिय असलेला भाग म्हणजे पंखाचा मुख्य दांडा, ज्याला आपण सगळे स्पार म्हणतो. एस-१सी च्या पंखात पुढे आणि मागे असे दोन स्पार असतात आणि उड्डाणातला जवळजवळ सगळा वाकवणारा भार त्यांच्यावर असतो. त्यासाठी सिटका स्प्रूसचे लाकूड निवडताना सुतारकामातली सगळी शिस्त वापरा आणि तिच्यात आणखी भर घाला. लाकडाच्या रेषा कडेशी किती तिरक्या जातात ते मोजा. १५ भाग लांबीत १ भागापेक्षा जास्त तिरकेपणा विमानाच्या स्पारला चालत नाही. वार्षिक वलये दर इंचाला किमान ६ हवीत. ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा, आणि लाकूड कार्यशाळेत आणल्यावर त्याला तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी, लगेच कापायला घेऊ नये.

एक दोष मात्र वेगळा आणि धोकादायक आहे. झाड पाडताना किंवा लाकूड हाताळताना तंतू दाबाने आतल्या आत चुरगळलेले असू शकतात. रेषांना आडवी, केसाएवढी सुरकुती एवढीच त्याची खूण असते. अंधार करून विजेरीचा प्रकाश लाकडावर अगदी तिरपा, पृष्ठभागाला लागून टाका आणि चारही बाजू सावकाश पाहा. अशी एक जरी सुरकुती दिसली तरी ते लाकूड कितीही देखणे असले तरी स्पारसाठी वापरू नका. त्याच्या फासळ्यांच्या पट्ट्याही करू नका. कार्यशाळेतली एखादी फळी करा.

चिकटवण्याबद्दल थोडे. रिसॉर्सिनॉल हा गोंद जुना आणि विश्वासू आहे, पण त्याला सांधा अगदी तंतोतंत, दाब भरपूर आणि खोलीत ऊब लागते. इपॉक्सी थोडी जाड रेघ सहन करते आणि तिला हलका दाब पुरतो. उलट जोरात आवळल्यास सगळी इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो, आणि घट्ट आवळण्याची सवय लागलेल्या सुताराने हे विशेष लक्षात ठेवावे. प्रत्येक वेळी मिश्रण केले की त्याच लाकडाचे दोन छोटे तुकडे त्याच मिश्रणाने जोडून त्यांच्यावर तारीख आणि कोणत्या भागासाठी ते मिश्रण वापरले ते लिहून ठेवा. पूर्ण वाळल्यावर तो नमुना छिन्नीने फोडा. लाकूड फाटले पाहिजे, गोंदाची रेघ उघडता कामा नये. रेघ उघडली तर त्या मिश्रणाने जोडलेले सगळे भाग तुम्हाला वहीवरून सापडतील आणि ते पुन्हा करावे लागतील. हे कंटाळवाणे वाटते, पण कापड चढल्यावर त्या सांध्यांपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट उरत नाही.

फासळ्या स्पारवर सरकवून पंखाचा सांगाडा उभा झाला की त्यातल्या कर्णावरच्या तारांनी तो काटकोनात आणतात. प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण सळईच्या मापाने, फितीने नव्हे, सारखे करायचे असतात. एका खणाचे माप जुळवले की शेजारचा थोडा हलतो, म्हणून पुन्हा पुन्हा फिरून यावे लागते. माझ्या दृष्टीने संपूर्ण विमानातले सर्वांत समाधान देणारे काम हेच आहे.

गिरकी

दोघांचेही मनापासून आभार. नळ्यांच्या जाडीचा विचार मी सोडून दिला आहे, आणि फासळ्यांचा साचा व वेल्डिंगचा सराव ही दोन कामे एकदमच सुरू करेन. दोन शंका अजून उरल्या आहेत. कॉकपिट लांबवणे हे जाडी वाढवण्याइतकेच अनिष्ट आहे का? सांगाड्यातला एक खण थोडा वाढवला तर भारांची वाटणी फारशी बदलणार नाही असे मला वाटते. दुसरी शंका बाहेरच्या तारांची आहे. आराखड्यात काही तारांना उड्डाणाच्या आणि काहींना उतरण्याच्या तारा म्हटले आहे. उतरण्याच्या तारांवर फक्त जमिनीवरचा भार येत असेल तर त्या तुलनेने कमी महत्त्वाच्या समजाव्यात का?

उंच_भरारी

मी अशा विमानांच्या बांधणीपेक्षा उड्डाणाशी जास्त संबंधित आहे, त्यामुळे दोन्ही शंकांना त्या बाजूने उत्तर देतो.

कॉकपिट लांबवण्यात भारांच्या वाटणीहून मोठा प्रश्न गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते त्याचा, आहे. खण वाढला की तुम्ही, तुमची आसनव्यवस्था, मागची सगळी रचना आणि शेपटी, किंवा उलट बाजूने पाहिले तर इंजिन, यांपैकी काही ना काही पंखांच्या संदर्भात सरकते. गुरुत्वमध्यापासून तीन मीटर मागे शेपटीत एक किलो वाढला तर त्याला तोलायला एक मीटर पुढे तीन किलो लागतात, म्हणजे विमान एकूण चार किलोंनी जड झाले. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला की इलेव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीचे आडवे पाते) हलका आणि चंचल होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे स्पिनमधून (उचल तुटून विमान गरगर फिरत खाली येते त्या स्थितीतून) बाहेर येणे अवघड, प्रसंगी अशक्य होते. कसरतीच्या विमानात स्पिन हा अपघात नसून रोजच्या सरावाचा भाग असतो, म्हणून ही मर्यादा इथे कागदावरची राहत नाही. या विमानात इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढे असते. इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. त्यामुळे हिशोब करताना पूर्ण टाकीबरोबर जवळजवळ रिकाम्या टाकीचा, तुमच्या प्रत्यक्ष वजनाचा आणि पॅराशूटचा हिशोब धरा. गुरुत्वमध्याचा सर्वांत मागचा बिंदू जवळजवळ रिकाम्या टाकीच्या हिशोबातच सापडतो.

त्याऐवजी असे करा. वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी लाकडी पट्ट्या आणि पुठ्ठा यांचे कॉकपिट पूर्ण मापाने उभे करा आणि त्यात पॅराशूट बांधून, हेल्मेट घालून, पाचपदरी पट्ट्यांनी स्वतःला जखडून बराच वेळ बसा. नियंत्रणाची काठी चारही कोपऱ्यांत फिरते का, गुडघे मध्ये येतात का, रडरचे (शेपटीच्या उभ्या सुकाणूचे) पायटे पूर्ण दाबता येतात का, हे पाहा. उंच माणसाला बहुतेक वेळा आसनाचा तळ खाली घेणे, पाठीचा कोन बदलणे आणि पायटे पुढे सरकवणे एवढ्याने जागा मिळते, आणि यांतल्या कशालाही मुख्य सांगाडा तोडावा लागत नाही. तरीही बसता आले नाही तर या विमानाचा हट्ट सोडून दुसरा आराखडा निवडावा. लमार स्टीन यांचे स्कायबोल्ट, ज्याचे पहिले उड्डाण १९७० साली झाले, हे दोनआसनी आणि ऐसपैस आहे. आराखडा वाकवून त्यात स्वतःला बसवण्यापेक्षा आपण ज्यात बसतो तो आराखडा घेणे मला केव्हाही अधिक जबाबदारीचे वाटते. दोनआसनी विमान जड आणि महाग पडते हे मान्य, पण त्यात शिक्षकाला बरोबर घेता येते.

आता तारा. नेहमीच्या उड्डाणात पंख वर उचलले जातात आणि तो भार धडाच्या खालच्या बाजूपासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या उड्डाणाच्या तारा ओढून धरतात. जमिनीवर पंखांचे वजन उलट बाजूच्या तारा पेलतात, म्हणून त्यांना ते नाव पडले. पण विमान उलटे झाले, किंवा काठी पुढे रेटून बाहेरचा लूप (वैमानिकाचे डोके बाहेरच्या बाजूला राहील असे उभे वर्तुळ) घेतला, की पंखांवरचा भार उलटतो आणि या उतरण्याच्या ताराच उड्डाणाच्या तारा होतात. उणे ३ जी मध्ये सगळा भार त्यांच्यावर असतो. साध्या प्रवासी द्विपंखी विमानात त्यांचे काम सौम्य असेल, तुमच्या विमानात ते दोघींचे सारखेच प्राणमोलाचे आहे. दोन्ही प्रकारच्या तारांचे आटे टोकाच्या जोडात पुरेसे शिरले आहेत का ते जोडातल्या तपासणी-छिद्रातून बारीक तार घालून बघा, कुलूप-नट आवळलेले आहेत याची खात्री करा, आणि पहिल्या काही उड्डाणांनंतर ताण पुन्हा मोजा, कारण नवे जोड बसतात आणि ताण उतरतो. सैल तार उड्डाणात थरथरते, आणि थरथरणारी तार आट्यांच्या मुळाशी थकून तुटू शकते. जिथे तारा एकमेकींना ओलांडतात तिथे त्यांना जोडणारा लाकडी दांडू असतो तो याचसाठी.

पंख बसवताना धड आधी आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी पाणसळीत आणा, जमिनीवर खुणा करा, आणि वरच्या पंखाचा खालच्यापेक्षा पुढे असलेला अंतराचा फरक ओळंब्याने मोजा. डावी-उजवीकडचे पंखांचे कोन अगदी थोडे वेगळे राहिले तरी विमान एका बाजूला ओढते, आणि स्टॉलमध्ये (पंखांची उचल तुटते तेव्हा) आधी एकच पंख पडतो. हवेत ते काठीने सावरता येते म्हणून पुष्कळजण तसेच सोडतात. कसरतीच्या विमानात ते सोडू नये, कारण एका बाजूला ओढणारे विमान स्पिनमध्ये जाताना आणि बाहेर येताना दोन्ही दिशांना वेगळे वागते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. बांधणी चालू असतानाच टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेल्या) विमानांचा सराव सुरू करा आणि पहिल्या उड्डाणापूर्वी पिट्सच्या दोनआसनी आवृत्तीवर शिक्षकासह उतरण्याचा भरपूर सराव करा. ही विमाने हवेत आज्ञाधारक असतात. जमिनीवर मात्र ती आखूड, चपळ आणि समोरचे काहीही न दिसणारी असतात. वर्षानुवर्षे बांधलेले विमान पहिल्याच उतरण्यात धावपट्टीवर गोल फिरून मोडलेले मी पाहिले आहे, आणि त्यात बांधणीचा काहीच दोष नव्हता.

ठिणगी

उंच_भरारी यांनी तारांबद्दल जे लिहिले आहे ते धडाकडूनही पाहावे लागेल. तारांचे कान ज्या सांध्यांना वेल्ड केलेले असतात ते सांधे संपूर्ण धडातले सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते सरावाच्या शेवटी, हात पूर्ण बसल्यावरच करा, आणि नंतर भेगांत शिरणाऱ्या रंगीत द्रावणाने किंवा चुंबकीय कणांनी तपासून घ्या. धडाच्या दोन्ही बाजू सपाट मेजावर एकीवर एक ठेवून सारख्या बनवा, आधी सगळीकडे फक्त टाके मारा, मग उलटसुलट कोपऱ्यांतून वेल्डिंग करत जा, म्हणजे एका बाजूचे आकुंचन दुसरी बाजू तोलते. बंद नळीच्या शेवटच्या टोकाला वेल्डिंग करताना आतली तापलेली हवा वितळलेला धातू बाहेर फुंकते. त्यासाठी शेजारच्या नळीत उघडणारे बारीक छिद्र आधीच ठेवा. काम पूर्ण झाल्यावर त्याच वाटेने जवसाचे गरम तेल नळ्यांमध्ये फिरवून निथळू द्या, मग छिद्रे बंद करा. आतून सुरू झालेला गंज बाहेरून कधीच दिसत नाही.

क्रमाबद्दल सुतारपक्षी यांचे म्हणणे मला पटले. फासळ्या आधी.

सुतारपक्षी

पंखांना कापड चढवण्याच्या आधीची तपासणी या चर्चेत राहून गेली आहे. तोपर्यंत कोणी दुसऱ्या जाणकाराने, तुमच्या कामात हात नसलेल्याने, सांगाडा उघडा असताना पाहिलेला असला पाहिजे. त्याच्या हाती आराखडे आणि तुमची वही द्या, आणि तो पाहत असताना त्याला काही समजावून सांगू नका. प्रत्येक बोल्ट योग्य लांबीचा आहे का, म्हणजे आटे लाकडात किंवा जोडाच्या आत भार घेत नाहीत ना, फिरणाऱ्या सांध्यांवर खाचांचा नट आणि कॉटर पिन आहे ना, नायलॉनची कडी असलेला नट तिथे चुकून लागलेला नाही ना, स्पारमधल्या प्रत्येक छिद्राच्या आतही व्हार्निश पोहोचले आहे ना, हे त्याने स्वतः शोधावे.

कापड पॉलिएस्टरचे असेल. ते इस्त्रीने टप्प्याटप्प्याने ताणतात, साधारण ११० अंश सेल्सिअसपासून शेवटी १७५ अंशांच्या आसपास. इस्त्रीच्या चकतीवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, वेगळा तापमापक लावून ती आधी तपासा. १७५ अंशांच्या फार वर गेल्यास कापड ताणण्याऐवजी सैल पडू लागते आणि ते पुन्हा घट्ट होत नाही. फासळ्यांना कापड शिवताना टाक्यांमधले अंतर विमानाच्या कमाल वेगावरून ठरते आणि पंख्याच्या झोतातल्या भागात ते आणखी कमी करावे लागते. त्यात कंटाळून सूट घेऊ नका, कारण उलट्या उड्डाणात पंखाची खालची बाजू वरची होते आणि तिथलेही कापड तितक्याच जोराने बाहेर ओढले जाते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पॉलिएस्टरला वाचवणारा ॲल्युमिनियमच्या पुडीचा थर पुरेसा दिला आहे का, हे आत दिवा धरून बाहेर उजेड झिरपतो का यावरून कळते.

एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पात्यांच्या) बिजागऱ्या, दांडे आणि तारांच्या जोडांपाशी पुढे दरवर्षी नजर टाकावी लागणार आहे. त्यांच्या तपासणी-खिडक्या कुठे येणार ते कापड चढवण्यापूर्वीच सांगाड्यावर मोजून वहीत लिहून ठेवा. ताणलेल्या कापडावरून आतली बिजागरी नेमकी कुठे आहे याचा अंदाज घेताना एका फासळीचा फरक सहज पडतो.